सहा फूट अडीच इंच

चेंडू बास्केटच्या कडीवर आपटला, सरळ वर उडाला, आणि खाली येताना तिथं कुणाचाच हात नव्हता. आमची पाच पोरं तोंडं वर करून उभी होती, छत नेमकं कुठं गळतंय हे बघणाऱ्या भाडेकरूंसारखी. चेंडू मुरमावर पडला, धूळ उडाली, मग कुणीतरी तो उचलला आणि सराव पुढं सुरू झाला. एवढंच झालं. पण बाकावर बसल्या बसल्या मला, जिन्याची आणखी एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. तीन वर्षं मी त्या जागी, कडीच्या वीतभर खाली, एक हात बघत आलो होतो. तो हात पाच महिन्यांपूर्वी गेला. रोज तो दिसत नव्हता, आणि रोज मी दुसरीकडे बघत होतो. आज नजर चुकून तिथंच गेली. शनिवारी अंतिम सामना. आज गुरुवार.

मी स्वतः कधी खेळलो नाही. पाच फूट तीन इंचांच्या माणसाला बास्केटबॉलमध्ये जी एक जागा मिळते ती मला मिळाली होती, गुण लिहायची. बावीस वर्षांपूर्वी मी बी.ए.ला असताना मद्रासहून शिकून आलेल्या एका ड्रिलमास्तरांनी कॉलेजच्या या मैदानात दोन खांब रोवले, आणि मी खडू घेऊन पाटीपाशी बसलो. पुढं सरकारच्या तर्जुमा खात्यात नोकरी लागली, लग्न झालं, केस गेले. पण संध्याकाळी पाच वाजता दफ्तरातून निघालेली माझी सायकल नारायणगुड्याला या बाकापाशीच येऊन थांबायची. पोरं मला माधवकाका म्हणतात. आमची प्रमिला म्हणते, "सासूबाईंनी तुम्हाला कॉलेजात शिकायला घातलं होतं की बघायला?" तिचं चूक नाही. मी शिकलेलं बहुतेक विसरलो आणि बघितलेलं सगळं लक्षात आहे.

खात्यात माझं काम हुकूम उर्दूतून इंग्रजीत नेण्याचं. सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, पाच दिवसांत निजामाचं राज्य आटोपलं, आणि सरकार यापुढं कोणत्या भाषेत चुका करणार हे ठरलेलं नसल्यामुळं आमच्याकडं काम कमी आणि कुजबुज जास्त झाली. जुन्या नोकरांची छाननी चालली होती. ज्याच्या फायलीत एखादा वाकडा कागद निघे, तो दुसऱ्या दिवशी डबा घेऊन येत नसे. अशा दिवसांत शहाण्या माणसानं खाली मान घालून बसावं. मी खाली मान घालून पोरांच्या उंच्यांची सरासरी काढत होतो.

"किती निघाली, काका?" यशवंत धापा टाकत बाकाशी आला. हा आमचा कप्तान, इथल्याच एका वकिलाचा मुलगा. पायांत वीज आणि उंची पाच फूट पाच.

"पाच फूट पाच."

"ती माझी. सगळ्यांची सांगा."

"सगळ्यांची मिळून तीच निघते."

"आणि सिकंदराबादवाल्यांची?"

"ती काढून काय करतोस?"

"म्हणजे पाच अकरा तरी असणार."

"सहा."

"हौ?" त्यानं घाम पुसला. "मग काय, त्यांच्या पायांतनं खेळू."

सिकंदराबादच्या संघातली निम्मी पोरं रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. त्यांच्यातला सगळ्यांत बुटका आमच्यातल्या सगळ्यांत उंचाच्या बरोबरीचा. गेल्या महिन्यात मी वसतिगृहाच्या खोल्या पालथ्या घातल्या होत्या. वरंगळकडचा एक सहाफुटी सापडला, तत्त्वज्ञान घेतलेला. त्याला मैदानावर आणलं. चेंडू आला की तो डोळे मिटायचा. "काका, चेंडू येतोय हेच हा मान्य करत नाही," यशवंत म्हणाला, आणि त्याला सन्मानानं परत पोचवण्यात आलं. त्याआधी लतीफ होता, पाच फूट अकरा. तो दिवाळीच्या सुमारास कराचीला मामांकडं गेला, 'आठ दिवसांत येतो' म्हणून. आणि त्याच्याही आधी अवद. पण अवदचं नाव मैदानावर कुणी काढत नव्हतं. काढलं की सगळे माझ्याकडं बघत, आणि मी पाटीकडं.

अवद बिन सालेम. शहराच्या टोकाला असलेल्या बारकसचा. तिथं सगळी वस्ती अरबांची. कुणा निजामाच्या वेळी हद्रमौतहून फौजेत आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. आपण त्यांना चाऊस म्हणतो. त्याचा बाप सालेम चाऊस फौजेत जमादार होता आणि आता पेरूच्या बागेचा राखणदार. पेरूला तिकडं जाम म्हणतात. अवद पहिल्यांदा मैदानावर आला तेव्हा त्याच्या बुडाखालची सायकल खेळण्यातली वाटत होती. सहा फूट अडीच इंच. मी स्वतः खांबाला टेकवून, डोक्यावर पट्टी धरून मोजलं होतं, आणि पट्टी धरायला स्टुलावर चढलो होतो. उडी घेताना त्याच्या बुटांचा आवाज येत नसे. वर गेला की चेंडू हातात घेऊन तो क्षणभर तिथंच राही, सगळ्यांच्या डोक्यांवर, जणू आता काय करावं हे त्याला सावकाश ठरवायचं आहे. तो एक क्षण बघायला मी दफ्तरातून येत असे. माझ्या बिनबोभाट आयुष्यात एवढीच काय ती उंचावरची जागा होती, आणि तिथंही दुसराच कुणी जायचा.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात बाकी मुलुखानं झेंडे लावले तेव्हा हैदराबादेत काहीच झालं नाही. आमचा सराव झाला. मग वर्षभर रस्त्यांवरून रझाकारांच्या कवायती चालल्या. बारकसचे काही लोक त्यांत गेले, काही गेले नाहीत. अवदला त्याच्या चुलत्यानं दोनदा बोलावलं. "मैं बोल्या चाचा, टूर्नमेंट है," त्यानं मला बुटांच्या नाड्या बांधता बांधता सांगितलं होतं. "चाचा बोले, टूर्नमेंट कब खतम होती? मैं बोल्या, हमारी तो होतीच नै." आणि हसला. त्या वर्षात तो एक संध्याकाळ चुकला नाही. हे मला माहीत आहे, कारण मीही चुकलो नव्हतो. त्याच्या निर्दोषपणाचा सगळ्या शहरात एकच पुरा साक्षीदार होता आणि तो या बाकावर बसलेला होता. हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

फौज आल्यावर महिनाभरात बारकसमधल्या जवान माणसांना मोजून छावणीत नेलं. कोण काय करत होता हे नंतर बघू; आधी अरब, मग चौकशी. काहींना मुंबईहून बोटीनं एडनला पाठवणार, अशी बोलवा होती. अवदनं एडन नकाशात तरी बघितलं होतं की नाही कोण जाणे. नोव्हेंबरात सालेम चाऊस आमच्या घरी आला. दाढी मेंदीनं लाल, हातात जामची टोपली. ओट्यावर बसला, पाणी घेतलं, आणि म्हणाला, "साब, बड़े आदमी का खत मंगते. सरकारी आदमी का. मेरे बच्चे कू आप रोज देखे."

मी बडा आदमी नव्हतो, पण मला बडा आदमी म्हणणारा तो पहिलाच होता. शिवाय शिफारसपत्र ही आमच्या खात्याची खासियत. इथं एक गोष्ट सांगायला हवी. निजामाच्या दफ्तरात शिफारस लिहायची एक रीत होती: असेल त्याच्या दुप्पट लिहायचं. वाचणाऱ्यालाही ती ठाऊक असायची. तो निम्मं वजा करून वाचायचा, आणि खरं त्याच्या हाती लागायचं. एखाद्या उमेदवाराला नुसतं 'प्रामाणिक' म्हटलं तर तो चोर ठरे. 'प्रामाणिकपणाचा दीपस्तंभ' म्हटलं की कारकुनी मिळे. दोनशे वर्षं हा व्यवहार सुरळीत चाललेला. तेव्हा मी रविवारचा सगळा दिवस बसून अवदवर लिहिलं. इंग्रजीत, तीन पानं. तीन वर्षं बाकावरून ओरडण्यापलीकडं जे काही करता आलं नव्हतं, ते सगळं त्यात ओतलं. सहा फूट अडीच इंच, बैलाची ताकद, भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही, चाळीस मिनिटं पळून दमत नाही, पाच जण अंगावर आले तरी जागा सोडत नाही, जन्मजात पुढारी, त्यानं नुसतं बोट केलं की पोरं जिवाची पर्वा न करता धावतात.  शेवटची ओळ तर मी दोनदा मोठ्यानं वाचून बघितली.

प्रमिलानं मसुदा वाचला. तिचं इंग्रजी बेताचं, पण अक्कल पुरेशी. "हे काय लिहिलंत? मुलगी द्यायची आहे का त्याला?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"मला एवढं कळतं, की हे वाचून मी याला घरात ठेवणार नाही."

मी ऐकलं नाही. पत्र गेलं. छावणीवर एक मेजर होता, मद्रासकडचा, नियमांचा पक्का, चांगला माणूस. तो आमच्या दफ्तरात वाढला नव्हता. त्यानं पत्रातलं काहीही वजा केलं नाही. पंधरा दिवसांनी सालेम चाऊस पुन्हा आला, टोपली नव्हती. "साब," तो म्हणाला, "आपका खत बहोत शानदार था. मेजर साब पूरा पढ़े. पढ़के बोले, ऐसे आदमी कू कैसा छोडूं?" त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मुलाची एवढी स्तुती त्यानं आयुष्यात ऐकली नव्हती; ती नाइलाजानं त्याला आवडलीही होती. ते मला जास्त लागलं. रोज साडेपाच ते सात हा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर होता, वर्षभर, एकही दिवस न चुकता. हे एवढं एक वाक्य. ते माझ्या तीन पानांत नव्हतं. मला ते फार किरकोळ वाटलं होतं.

"काका! बघा ना!" यशवंत ओरडला. पोरं मला दाखवण्यासाठी काहीतरी नवं करत होती. चौघं चार दिशांना पळाली आणि चेंडू पाचव्या दिशेनं गेला. मी मान डोलावली. शनिवारी करंडक द्यायला लष्कराचे साहेब लोक येणार म्हणून ड्रिलमास्तर खांबांना चुना लावून घेत होते. चुन्याचा ओला वास येत होता. या वासानं मला नेहमी बरं वाटतं. आज वाटलं नाही. छावणीच्या कचेरीलाही ताजा चुना लावलेला होता.

तिथं मी जानेवारीत गेलो. मेजरनं मला खुर्ची दिली, माझी तीन पानं समोर ठेवली. "हे तुम्ही लिहिलंत?" होय म्हणालो. आमच्या रीतीबद्दल, दुप्पट-निम्म्याबद्दल, मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे सरकारी नोकर असून तुम्ही लेखी खोटं सांगितलंत." मी म्हटलं, खोटं नव्हे, कौतुक. तो म्हणाला, "मग आता खरं लिहा. आणि खाली लिहा, की यातलं काही खोटं ठरलं तर जबाबदारी माझी." त्यानं कोरा कागद पुढं केला. तेव्हा खरं लिहिण्याची संधी मला दुसऱ्यांदा मिळाली होती. साडेपाच ते सात मी लिहिलं, ते एका ओळीत झालं. पण पहिली तीन पानं तिथं समोर होती, आणि त्यांच्या मानानं ती ओळ फार हलकी दिसायला लागली. दफ्तरातली इतक्या वर्षांची सवय. हात थांबेना. फक्त आता तो उलट्या दिशेनं गेला. लिहिलं, की उंची असली तरी उपयोग नाही. स्वभाव भित्रा. लवकर दमतो. अंगावर कुणी आलं की बाजूला होतो. पुढारीपण नावाला नाही, पोरं त्याचं ऐकत नाहीत. संघात केवळ उंचीमुळं घेतलेला, सामान्य खेळाडू. खरं दोहोंच्या मधे कुठंतरी होतं. मी एकदा त्याच्या वरून गेलो आणि एकदा खालून.

मी सही केली. मेजरनं अवदला आणायला सांगितलं. हे मला अपेक्षित नव्हतं. तो आत आला, आणि खोली त्याला पुरत होती. आधी अशी कुठलीच खोली पुरायची नाही. खांदे आत गेलेले, मनगटाची हाडं वर आलेली. मला बघून त्याचा चेहरा उजळला. बाकावरून ओरडणारा माणूस त्यानं ओळखला. मेजरनं कागद मोठ्यानं वाचला, एकेक वाक्य, आणि शिपायानं त्याचं उर्दू केलं. वाईट उर्दू. मला दुरुस्त करावंसं वाटलं. 'डरपोक' म्हटलं तेव्हा अवदनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मैदानावर पंचानं चुकीची शिट्टी वाजवली की बघायचा तसं, क्षणभर, वाद घालावा का हे ठरवत. "हे बरोबर आहे?" मेजरनं विचारलं.  अवदनं मान खाली घातली आणि म्हणाला, "जी. साब सही लिखे. साब रोज देखे मेरेकू."

चार आठवड्यांनी त्याला सोडलं, आठवड्याला ठाण्यात हजेरी लावायच्या अटीवर. निरोप सालेम चाऊसनं धाडला, गेल्या रविवारी. मी बारकसला गेलो नाही. अंतर फार आहे, आणि सायकलच्या मागच्या चाकातली हवा जाते, असं मी प्रमिलाला सांगितलं. ती म्हणाली, "मी विचारलंच नव्हतं."

"काका," यशवंत माझ्या खांद्याला धरून हलवत होता. "काका, फाटकाकडं बघा. अवद!"

तो कुंपणाच्या आत, निंबाखाली उभा होता, हात मागं बांधून, पाहुण्यासारखा. पोरं थांबली. मग सगळी एकदम त्याच्याकडं धावली, कुणी पाठीवर मारलं, कुणी "क्या मियां, सुक गये ना!" म्हणालं, कुणी त्याचा हात वर धरून कडीकडं रोखला. यशवंत तिथूनच ओरडला, "काका, सरासरी परत काढा!" त्याचा चेहरा असा दिसत होता, जणू शनिवार होऊन गेला आणि करंडक घरी आला. माझंही तेच झालं. क्षणभर मी कागदबिगद सगळं विसरलो आणि मनातल्या मनात बेरीज केली. पाच फूट सात. साडेसातच म्हणा.

अवद पोरांतून सुटून माझ्याकडं आला. मी सरकून बाकावर जागा केली, पण तो बसला नाही.

"सलाम, साब."

"कसा आहेस? अब्बा बरे आहेत?"

"हौ साब. जाम पक गये, बोले, साब कू बोलना." मग पोरांकडं मान वळवून हळू म्हणाला, "ये लोगां बोल रै, परसों खेल. मैं कुछ नै बोल्या. पैले आपकू पूछना था."

"मला काय विचारायचं?"

"आप लिखे सो कागद उनके पास है ना, साब. परसों वोइच लोगां आ रै. मैं उतर्‍या, और अच्छा खेल्या, तो कागद झूटा." त्यानं बोटांनी निंबाची एक काडी मोडली. "कागद झूटा, तो नीचे दस्तखत आपकी है. मेरेकू फिर अंदर डाले तो डाले, मैं देख लिया वो जगा. आपका क्या? नौकरी है, भाभीसाब है." थोडं थांबून म्हणाला, "खराब खेलने कू भी आता मेरेकू. पर उतर्‍या तो याद नै रैता."

मी पाटीकडं बघितलं.

"आप बोलो साब," तो म्हणाला. "आप बोले, उतर जा, तो उतरतौं."

त्याला एक शब्द हवा होता. दोन अक्षरी: खेळ. आयुष्यभर या बाकावरून मी तोच ओरडत आलो होतो. मला छाननीची फाईल दिसली, तिच्यातला तो कागद, त्याच्या खाली माझी सही, शिकस्त म्हणतात त्या उर्दू वळणाची, माझ्या वडिलांनी गिरवून घेतलेली. मला मेजरचा शांत आवाज ऐकू आला. मग मला वाटलं, एका सामन्यात कोण बघतंय. आणि लगेच कळलं, सगळे बघतील. त्या मुलाकडं न बघता कुणाला राहता येत नाही, ते माझ्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार. त्याला बोटीवर चढवतील, हेही माझ्या मनात आलं. पण ते नंतर आलं. आधी माझी नोकरी आली. हा क्रम मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पहिल्या दोन वेळा मी खरं सोडून लिहिलं आहे.

तो थांबला होता. मी त्याच्या बुटांकडं पाहत होतो. कॅनव्हासचे तेच बूट, धुऊन, खडूनं पांढरे केलेले.

"चहा घेतोस?" मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. त्याला उत्तर मिळालं होतं. "नक्को साब. ठाने में हाजिरी है."

यशवंत लांबून ओरडला, "काय ठरलं?" मी हातानं नाही अशी खूण केली. "सवय मोडली म्हणतो," मी मोठ्यानं म्हणालो. अवदनं ते ऐकलं, आणि होकारार्थी मान हलवली, पोरांना दिसेल अशी. मग सलाम करून फाटकाकडं निघाला.

सराव पुन्हा सुरू झाला, पण कुणाचं लक्ष नव्हतं. कुणाच्या तरी हातून चेंडू निसटला आणि उसळत फाटकाकडं गेला. अवदनं वळून पायानं अडवला. पोरं थांबली. तिथून कडी फार लांब नव्हती. एके काळी तो गप्पा मारता मारता तिथून टाकायचा. तो वाकला, दोन्ही हात चेंडूवर ठेवले, आणि माझ्याकडं बघितलं. मग चेंडू न उचलता, रांगत्या मुलाकडं ढकलावा तसा, त्यानं तो मुरमावरून सोडून दिला. चेंडू घरंगळत निम्म्यात आला आणि थांबला. फाटकाची कडी वाजली.

"काका," यशवंत म्हणाला, "हा तर खेळणंच विसरला."

"हो," मी म्हणालो. "तसं मी लिहूनच दिलंय."

"कुणाला?"

मी चेंडू आणायला उठलो.